विश्वस्ताची सही

(गावोगावच्या संस्थांत विश्वस्त म्हणून बसणाऱ्यांकरिता एक पाठ)



आपल्या पुष्कळ गावी लोकांच्या दानावर चालणारी एखादी तरी संस्था असते. कोठे शाळा, कोठे मुलींचे वसतिगृह, कोठे दवाखाना, तर कोठे निराधार वृद्धांचे घर. अशा संस्थेचा कारभार पाच-सात जणांच्या विश्वस्त मंडळाकडे असतो, आणि ही मंडळी बहुधा वेतन न घेता काम करितात. गावात ज्याच्या शब्दास वजन आहे अशा शेतकऱ्यास, शिक्षिकेस किंवा उपदेशकास मंडळावर येण्याचे बोलावणे येते. तो त्यास मान समजून होकार देतो; पुढे वर्षातून दोन वेळा सभेस जातो, चहा घेतो, आणि जेथे बोट दाखविले जाईल तेथे सही करून घरी येतो. अशा गृहस्थास आपल्या भाषेने सह्याजीराव असे नाव ठेविले आहे. विश्वस्त होणे व सह्याजीराव होणे ह्यांत काय भेद आहे, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

१. विश्वस्त म्हणजे कोण?

शेजारी परगावी जाताना दहा पोती जोंधळा आपल्या घरी ठेवून गेला, तर ती पोती आपल्या घरात असली तरी आपली होत नाहीत. त्यांतून आपण दळण काढू नये, हे तर उघडच आहे. परंतु तेवढ्याने राखणदाराचे कर्तव्य संपते काय? पोत्यांस उंदीर लागले काय, वरचे छप्पर गळते काय, हेही त्याने पाहिले पाहिजे. विश्वस्ताची स्थिती अशीच आहे. संस्थेचा पैसा अध्यक्षाचा नव्हे, चिटणिसाचा नव्हे, आणि एकदा दिल्यावर तो दात्याचाही उरत नाही. ज्या कामाकरिता तो दिला गेला त्या कामाचा तो होतो. दहा वर्षांनी जी मुलगी वसतिगृहात राहावयास येईल, तिला आजच्या सभेत येऊन बोलता येत नाही. तिच्या वतीने बोलण्याकरिताच विश्वस्त तेथे बसलेला असतो.

कित्येक म्हणतात, "मी तर फुकट काम करितो, मला कोण जाब विचारणार?" हा समज घातक आहे. वेतन नाही म्हणून जबाबदारी हलकी होत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असे झाले तर दळणारास पगार होता की नव्हता हे कोणी विचारीत नाही. घरची मुले मात्र उपाशी राहतात.

पैशाच्या बाबतीत प्रामाणिक मनुष्यानेही साक्षीदार सोबत ठेवावा, हा धडा नवा नाही. यरुशलेमातील गरिबांकरिता वर्गणी जमविताना पौलाने ती एकट्याच्या हाती ठेविली नाही; मंडळ्यांनी निवडलेला एक बंधु त्या कामी सोबत घेतला, आणि कोणास दोष देण्यास जागा राहू नये हे त्याचे कारणही लिहून ठेविले. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हा वृत्तांत आहे. ज्याच्यावर सर्वांचा भरवसा होता त्यानेच जर ही खबरदारी घेतली, तर आपण हिशेब मागितल्याने कोणाचा अपमान होतो असे कसे म्हणावे?

२. नाव देण्यापूर्वी

महाराष्ट्रातील बहुतेक धर्मादाय संस्थांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. पुष्कळ संस्था त्यासोबत १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीही नोंदलेल्या असतात. तेव्हा बोलावणे आले असता प्रथम चार कागद पाहावयास मागावे. पहिला, संस्थेची घटना किंवा न्यासपत्र, ज्यात संस्थेचा उद्देश व विश्वस्तांचे अधिकार लिहिलेले असतात. दुसरा, धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकचा उतारा, ज्यात विश्वस्तांची नावे व संस्थेची मालमत्ता नोंदलेली असते. तिसरा, मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब. चौथा, सभांचे ठरावबुक. हे कागद आनंदाने दाखविले गेले तर शुभचिन्ह समजावे. "कशाला एवढी चौकशी? आमच्यावर विश्वास नाही काय?" असे उत्तर आले तर नम्रपणे नकार द्यावा. ज्यास वाचावयास अडचण असेल त्याने दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. न वाचता सही करण्यात मात्र धोका आहे.

३. सभेत कसे बसावे?

सभेची सूचना लेखी यावी, आणि तीत कोणकोणते विषय निघणार हे लिहिलेले असावे. घटनेने सांगितलेली गणपूर्ती झाली की नाही हे पाहावे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून झाल्यावरच त्यावर सही करावी. जो ठराव सभेत झाला नाही तो घरी येऊन कोणी सहीकरिता पुढे केला, तर "पुढील सभेत मांडा" एवढेच म्हणावे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर कधीही, कोणाच्याही भिडेखातर सही करू नये.

पुष्कळ जण म्हणतात, "मी शिकलेला नाही; हिशेबातले मला काय कळणार?" एक उदाहरण घेऊ. समजा, खजिनदारांनी सांगितले की वसतिगृहाच्या धान्यास यंदा १,८०,००० रुपये लागले. तेव्हा विश्वस्ताने विचारावे, मुली किती होत्या? चाळीस. त्या किती महिने राहिल्या? दहा. म्हणजे एका मुलीमागे महिन्यास ४५० रुपये झाले. एका मुलीच्या पोटास महिन्याला किती धान्य लागते व बाजारात त्याचा भाव काय, हे जाणणाऱ्या घरधनिणीस हा आकडा बरोबर आहे की नाही, हे समजण्यास कोणतीही पदवी नको. आकडा फार मोठा दिसला तर पैसा कोठे गेला हे विचारावे. फार लहान दिसला तर मुली अर्धपोटी तर नाहीत ना, हे विचारावे. दोन्ही प्रश्न सारख्याच महत्त्वाचे आहेत.

ठराव पटला नाही तर सभेतच तसे सांगावे, आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. सभेत गप्प राहून पारावर कुजबुजणे हे विश्वस्ताचे काम नव्हे. गप्प राहिलेल्याची संमती धरली जाते.

४. पैशासंबंधी

मिळालेल्या प्रत्येक रुपयाची पावती आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाचे व्हाउचर असावे. पैसे घेणारा, जमाखर्च लिहिणारा व बँकेतून काढणारा असे तिघेही एकच असू नयेत. धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि दर सभेत पासबुक व रोजकीर्द शेजारी ठेवून शिल्लक ताडून पाहावी. दरवर्षी ३१ मार्च रोजी हिशेब मिटवून पुढील सहा महिन्यांत त्याची तपासणी करून घ्यावयाची असते. तपासनिसाचा अहवाल कपाटात ठेवण्याकरिता नसतो. त्यातील शेरे सभेत मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येक शेऱ्याचे उत्तर ठरवावे.

विश्वस्ताने संस्थेच्या पैशातून स्वतःकरिता उसने घेऊ नये, असे कायदा स्पष्ट सांगतो. लग्नसराई आहे, पेरणी तोंडावर आहे, सुगीला परत करीन, ही सर्व कारणे खरी असली तरीही घेऊ नये. संस्थेकरिता कर्ज काढावयाचे असेल, तरी धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. परदेशातून देणगी येणार असेल, तर २०१० च्या विदेशी अभिदाय अधिनियमाखाली नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. एखाद्याच्या खासगी खात्यात ती मागविणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

५. जमीन व नावे

गावच्या संस्थेचे सर्वांत मोठे धन बहुधा तिची जमीन असते. पूर्वी जी जागा गावाबाहेर होती तिच्यापुढून आज रस्ता गेला आहे, आणि तिच्यावर अनेकांची दृष्टी आहे. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेची स्थावर मिळकत विकता येत नाही, बदलून देता येत नाही व बक्षीसही देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक, आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासही हीच परवानगी लागते. "आधी सही करा, परवानगी मागाहून आणू" असे कोणी म्हणेल तर तेथेच थांबावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी दुर्लक्षित राहते. विश्वस्त मरण पावला, त्याने राजीनामा दिला किंवा नवा निवडला गेला, तर तो बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. ह्यास लोक चेंज रिपोर्ट म्हणतात, आणि तो कलम २२ प्रमाणे द्यावयाचा असतो. हे न केल्यास काय होते? समजा, उताऱ्यावर पाच नावे आहेत आणि त्यांतील चौघे केव्हाच निवर्तले आहेत. नव्या विश्वस्तांनी वीस वर्षे प्रामाणिकपणे कारभार केला, तरी दप्तरी त्यांचे नाव नाही. बँक त्यांची सही मान्य करीत नाही. जमिनीवर कोणी अतिक्रमण केले तर संस्थेच्या वतीने न्यायालयात कोण उभा राहणार, असा प्रश्न निघतो. आणि अशाच वेळी कोणी उपटसुंभ खोटा ठराव घेऊन पुढे येतो. म्हणून परिशिष्ट एकचा व सातबाराचा उतारा दरवर्षी काढून सभेत वाचावा. ह्यास खर्च थोडा, पण त्याने शेत वाचते.

६. आप्त आणि स्वार्थ

शाळेच्या खोलीस सिमेंट घ्यावयाचे आहे आणि दुकान विश्वस्ताच्या भावाचे आहे; शिक्षिका नेमावयाची आहे आणि अर्जदारांत अध्यक्षांची पुतणी आहे. गावात असे प्रसंग येणारच, कारण सगळेच एकमेकांचे सोयरे असतात. भावाचे सिमेंट चांगले असेल, पुतणी खरोखर गुणी असेल. तरी ज्याचा संबंध आहे त्याने तो आधी सांगावा, त्या विषयापुरते सभेबाहेर जावे, इतरांनी आणखी दोन-तीन दर मागवून निर्णय करावा, आणि हे सर्व इतिवृत्तात लिहावे. कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणण्यास कोणास जागा ठेवू नये.

७. मतभेद झाल्यास

थोर माणसांच्या मंडळांतही मतभेद झाले आहेत. पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली. तिच्या आजीव सभासदांनी संस्थेबाहेरचे काम व मिळकत स्वीकारावी की नाही, ह्यावर तीव्र वाद झाला, आणि १८९० साली बाळ गंगाधर टिळकांनी आपली कारणे सविस्तर लिहून राजीनामा दिला. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले व पुढे ते पुण्यास आणिले. सदनातील मुलींच्या धर्मासंबंधी वाद उपस्थित झाला, तेव्हा १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति सल्लागारांनी लेखी कळवून आपला संबंध सोडिला. ह्या वादांत कोणाचे बरोबर होते हा येथे प्रश्न नाही. जे पटले नाही त्यास त्यांनी आपले नाव वापरू दिले नाही, आणि ते उघडपणे लिहून बाहेर पडले, हे पाहण्याजोगे आहे. सोसायटीही टिकली, आणि रमाबाईंचे कामही केडगावास वाढले. आत राहून गट पाडणे किंवा न बोलता सभेस येण्याचे सोडणे, ह्यांपेक्षा लेखी राजीनामा पुष्कळ बरा. आणि तो दिल्यावर बदलाची नोंद झाली की नाही हेही पाहावे; नाही तर दप्तरी आपण विश्वस्तच राहतो.

८. मंडळाचे काम आणि सेवकांचे काम

शेवटी एक सावधगिरी. हिशेब पाहणे निराळे आणि रोज कामात हात घालणे निराळे. मुख्याध्यापिकेने कोणता वर्ग कोणास द्यावा, परिचारिकेने पट्टी कशी बांधावी, हे विश्वस्ताने सांगू नये. मंडळाने उद्देश ठरवावा, अंदाजपत्रक मंजूर करावे, योग्य मनुष्य नेमावा आणि त्याच्या कामाचा अहवाल घ्यावा. एकट्या विश्वस्तास सभेबाहेर हुकूम देण्याचा अधिकार नसतो. अधिकार आहे तो सभेत बसलेल्या मंडळास.

बंधुभगिनींनो, आपल्या आजोबांपैकी अनेकांनी कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा उमटविला, आणि त्यांची शेते गेली. आपण सही करावयास शिकलो ते तोच अंगठा शाईऐवजी लेखणीने उमटविण्याकरिता नव्हे. पुढील सभेत कागद पुढे येईल तेव्हा आधी वाचा, मग विचारा, आणि पटल्यावरच सही करा.

चर्चेकरिता प्रश्न

१. आपल्या गावच्या संस्थेच्या परिशिष्ट एकवर कोणाची नावे आहेत? त्यांतील किती जण हयात आहेत?
२. मागील तपासनिसाने कोणते शेरे दिले होते? त्यांवर काय केले?
३. संस्थेची जमीन कोणाच्या ताब्यात आहे, आणि कोणत्या कराराने?
४. धनादेशावर सही करणारे कोण, व हिशेब लिहिणारा कोण?
५. ज्यांच्याकरिता संस्था आहे त्यांस गेल्या वर्षात मंडळापैकी कोणी समक्ष जाऊन भेटले काय?