चौकटींमधली मोकळी जागा

मे महिन्याच्या सुट्टीत मी जयपूरला, गोपालपुऱ्यात काकांकडे राहिलो. गोपालपुरा बायपास म्हणजे कोचिंग क्लासच्या पाट्यांचा रस्ता. सकाळी मीही एका क्लासला जायचो. दुपारी मात्र आजोबांच्या खोलीतला कूलर सोडून हलावंसं वाटत नसे.

मोतीबिंदूमुळे आजोबांना वाचता येत नव्हतं. ऑपरेशन जूनमध्ये होतं. त्यांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आहेत. ही मालिका १९६४ साली सुरू झाली आणि ली फॉकचा फँटम तिच्यात ‘वेताळ’ झाला. “एक वाचून दाखव,” आजोबा म्हणाले.

मी फुग्यांतले संवाद भराभर वाचले. दहा मिनिटांत अंक संपला. आजोबा गप्पच. मग म्हणाले, “अरे, कोण कुठे उभा आहे? रात्र आहे की दिवस? मला काहीच दिसलं नाही.”

मला वाईट वाटलं. खरं तर मलाही काही दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच अंक पुन्हा घेतला आणि एकेक चौकट सांगू लागलो. त्यातून शिकलेल्या गोष्टी अशा :

१. आधी चित्र, मग शब्द. जागा, वेळ, माणसं आणि हातातल्या वस्तू पाहून मगच फुगा वाचावा.

२. फुग्याची कडा पाहावी. कडा काटेरी असेल तर ओरडणं, ढगासारखी असेल तर मनातला विचार.

३. चित्रकार कुठून पाहतो आहे? चेहरा जवळून दाखवला तर भावना महत्त्वाची, माणूस लांबून लहान दाखवला तर त्याचं एकटेपण किंवा भोवतालचा धोका.

४. दोन चौकटींमधली मोकळी जागा. तिथे काय घडलं हे वाचकानेच जुळवायचं असतं.

आजोबांनी विचारलं, “वेताळ रागावलाय का?” मुखवट्यामागे त्याची बुबुळं कधीच दाखवत नाहीत. म्हणून मला त्याचा जबडा, खांदे आणि मूठ पाहून उत्तर द्यावं लागलं.

एकदा मी म्हणालो, “चोर पळाला.” आजोबांनी अडवलं, “पळताना दिसला, की तुझा अंदाज?” चित्रात फक्त उघडं दार होतं. अंदाज बरोबर निघाला, पण पाहिलेलं आणि ताडलेलं यांतला फरक तेव्हा कळला.

आपल्याला हा फरक पुढे लागणार आहे. एसएसबीच्या पहिल्या टप्प्यात एक चित्र फक्त ३० सेकंद दाखवतात आणि त्यावर ४ मिनिटांत गोष्ट लिहायची असते. जे नीट पाहिलंच नाही, त्यावर गोष्ट उभी राहत नाही.

मित्रांनो, एक सराव करून पाहा. अमर चित्र कथेतला ‘कृष्ण’ आणि ‘टिंकल’मधला जुना सुपंडी शेजारी ठेवा. दोन्ही राम वाईरकरांनी काढले आहेत. एकाच हाताने देवाला कोणती रेषा दिली आणि वेंधळ्या नोकराला कोणती, हे शोधा. मग एक पान संवाद झाकून मित्राला सांगा. त्याला चित्र डोळ्यांपुढे आलं, तर तुम्ही वाचलंत.

जूनच्या शेवटी आजोबांचा फोन आला. ऑपरेशन छान झालं होतं आणि तोच अंक त्यांनी स्वतः वाचला होता. “बाकी सगळं बरोबर सांगितलंस,” ते म्हणाले, “पण त्या दारापाशी एक कंदील आहे. तो तुझ्याकडून राहिला.”