वाहनाने येणाऱ्या भाविकांसाठी : आसने, सामान आणि इशाऱ्याचे दिवे

रत्नागिरी जिल्ह्यातील देवस्थानांकडे येणारा भाविक पूर्वी गलबताने आणि आगबोटीने येत असे. पुढे एस.टी.ची सोय झाली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईकडील प्रवास आणखी सुलभ झाला. अलीकडे पुष्कळ कुटुंबे स्वतःच्या मोटारीने येतात. गणपतीपुळे, पावस, मार्लेश्वर, हेदवी, वेळणेश्वर अशी दर्शने त्यामुळे एकाच यात्रेत घडतात. मात्र गलबतात तांडेल असे, एस.टी.त अनुभवी चालक असतो. स्वतःच्या वाहनात ही जबाबदारी घरातीलच कोणावर तरी येते. माल कोठे ठेवावा, कोणी कोठे बसावे आणि कोणत्या खुणेला थांबावे हे तांडेल बंदर सोडण्यापूर्वीच ठरवीत असे. मोटारीने निघणाऱ्यांनीही तेच करावयाचे आहे.

कोल्हापूरकडून येणाऱ्यांना आंबा घाट, कराडकडून येणाऱ्यांना कुंभार्ली घाट उतरावा लागतो. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी, भोस्ते, परशुराम ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. महामार्ग रुंद झाला, कशेडीला बोगदा झाला, तरी वळणे, उतार आणि पावसाळ्यातील धुके कायम आहे. अशा मार्गावर वाहनाची अंतर्गत व्यवस्था कशी असावी, याची माहिती पुढे दिली आहे.

वेगाचा हिशेब

वाहन ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालले असता ते दर सेकंदाला १५ मीटर अंतर कापते. वाहनातील प्रत्येक माणूस व प्रत्येक वस्तू त्याच वेगाने पुढे जात असते. वाहन कशावर तरी आदळून एकाएकी थांबले, तरी आत मोकळे असलेले काहीही थांबत नाही; ते त्याच वेगाने पुढे जाते. हा वेग म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूचा जमिनीवर पोहोचतानाचा वेग होय.

कोकणवासीयांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. साडेअकरा मीटर ही माडाची उंची आहे. जाणता माणूस माडाखाली खाट टाकत नाही, कारण वरून नारळ पडला तर काय होईल हे त्याला ठाऊक असते. देवदर्शनाहून परतताना मागील काचेखालच्या फळीवर ठेवलेला नारळ हा, त्या दृष्टीने पाहता, माडावर लटकलेला नारळच आहे. आणि त्याच्याखाली घरातील मंडळी बसलेली आहेत. पट्टा न लावता बसलेल्या माणसाची स्थितीही याहून वेगळी नाही. तोही तेवढ्याच उंचीवरून पडल्याप्रमाणे पुढील आसनावर किंवा काचेवर आदळतो. ताशी ७२ किलोमीटर वेग असल्यास ही उंची वीस मीटरांच्या पुढे जाते.

आसन आणि पट्टा

खांदा व कंबर दोन्ही धरून ठेवणारा आजचा तीन टोकांचा पट्टा १९५९ साली स्वीडनमधील अभियंते निल्स बोहलिन यांनी व्होल्वो कंपनीत तयार केला. त्याचे पेटंट कंपनीने इतर उत्पादकांनाही खुले ठेवले. आपल्याकडे पट्टा पुढे बसणाऱ्यांनीच लावावयाचा असतो, असा समज दीर्घकाळ होता. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागील आसनावर होते व दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागचे आसन आपोआप सुरक्षित असते हा समज किती चुकीचा आहे, हे या दुर्घटनेने सर्वांना दाखवून दिले.

मोटार वाहन सुधारणा अधिनियम, २०१९ नुसार पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न बसविल्यासही तितकाच दंड आहे. दंडाचा विचार बाजूला ठेवला तरी पुढील गोष्टी पाळाव्यात.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडावर बसावा. वरचा भाग गळ्याला न घासता खांद्यावरून छातीवर यावा. गर्भवती भगिनींनी खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा व वरचा पट्टा पोटाच्या बाजूने न्यावा. पोटावरून पट्टा घेऊ नये. साडीचा पदर किंवा शाल यांचे जाड थर पट्ट्याखाली येऊ देऊ नयेत. लांबच्या प्रवासात आसन पूर्ण मागे पाडून झोपण्याची सवय टाळावी. पट्टा शरीरापासून सुटतो आणि धक्का बसताच माणूस त्याखालून घसरतो. मानेमागील उशी डोक्याच्या मध्यापर्यंत येईल इतकी वर करावी. वयोवृद्ध मंडळींसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे.

लहान मुलास पुढील आसनावर मांडीवर घेऊन बसणे ही सर्वांत धोकादायक सवय होय. धक्का बसताच मूल हातात धरून ठेवणे कोणत्याही बलवान माणसास शक्य नसते. शिवाय डॅशबोर्डमधील एअरबॅग पापणी लवण्यापूर्वीच जोराने फुगते, आणि मूल नेमके तिच्या तोंडाशी असते. मुलांना नेहमी मागे बसवावे. तान्ह्या बाळासाठी मागे तोंड करून बसविण्याचे बालआसन वापरावे, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढील आसनावर ते कदापि ठेवू नये. सामानाच्या जागेत गादी टाकून मुलांना झोपविणे हेही तितकेच घातक आहे.

डॅशबोर्डवर देवाची मूर्ती चिकटविण्याची प्रथा सर्वत्र आहे. मूर्ती एअरबॅगच्या झाकणावर बसविलेली असल्यास एअरबॅग फुगताना तीच मूर्ती सुटून आसनावरील व्यक्तीस लागू शकते. ज्या जागेवर एअरबॅगची खूण आहे ती जागा सोडून, शक्यतो छोटी तसबीर लावावी. आरशाला लटकविलेल्या माळांनी चालकाची दृष्टी अडणार नाही हेही पाहावे. ज्या आसनांच्या कडेला एअरबॅग आहे, त्यांवर बाजारातील जाड कव्हरे चढवू नयेत. पट्ट्याची सूचना बंद करण्यासाठी रिकामी खीळ खाचेत अडकविणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. अशा खिळींची ऑनलाइन विक्री थांबविण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली दिले आहेत.

सामानाची मांडणी

जड माल तळाशी, हा होडीचा नियम मोटारीलाही लागू आहे. आंब्याच्या पेट्या, नारळांची पोती, फणस आणि पाण्याचे कॅन डिकीच्या तळाशी, मागील आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावेत. हलके सामान त्यावर यावे. आसनाच्या पाठीपेक्षा उंच थर लावू नये. डिकीच्या तळाशी बांधण्यासाठी कड्या दिलेल्या असतात; त्यांतून दोरी किंवा जाळी घट्ट ओढून घ्यावी. मागील फळीवर काहीही ठेवू नये.

चालकाच्या पायाशी कोणतीही सुटी वस्तू असू नये. प्रसादाचा नारळ किंवा पाण्याची बाटली आसनाखालून घरंगळत ब्रेकच्या पायटीखाली अडकली, तर उतारावर ब्रेक दाबता येत नाही. चालकाने वाहाणा काढून ठेवल्यास त्याही तेथे ठेवू नयेत.

टपावरील कॅरिअरवर हलके सामानच बांधावे. टपावर वजन वाढले की वाहन वळणावर अधिक झुकते. किती भार चालतो ते वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. भरलेल्या वाहनासाठी टायरमधील हवेचे प्रमाण वेगळे असते. ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. मागे भार वाढल्यास पुढील दिव्यांचा झोत वर जातो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. दिवे खाली करण्याची कळ असल्यास ती वापरावी.

सी.एन.जी. वाहनांत टाकी बहुधा डिकीत असते. तिच्या झडपेवर व नळ्यांवर सामान दाबून ठेवू नये. टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी करून घेणे आवश्यक असते. चालू वाहनात उदबत्ती, निरांजन अथवा कापूर पेटवू नये. डिकीचे दार उघडे ठेवून लांब वस्तू नेल्यास धुराड्यातील विषारी वायू आत येतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

गणेशमूर्ती नेताना

गणेशोत्सवात अनेक चाकरमानी मुंबईहून किंवा पेणहून मूर्ती मोटारीने गावी आणतात. मुखावर रुमाल घातलेली मूर्ती मांडीवर घेऊन पुढील आसनावर बसण्यामागील भाव समजण्यासारखा आहे. परंतु मूर्ती व एअरबॅग यांच्यामध्ये माणूस सापडणे हे दोघांच्याही दृष्टीने अयोग्य होय. अचानक ब्रेक लागल्यास मूर्तीलाही प्रथम तडा जातो तो येथेच. मूर्ती पेंढा किंवा फोम घातलेल्या खोक्यात बसवावी. खोके मागील आसनावर स्वच्छ वस्त्र अंथरून ठेवावे व त्यावरून पट्टा घ्यावा. मूर्ती मोठी असल्यास मागील आसन दुमडून सपाट जागेत ती चहूबाजूंनी टेकू देऊन बांधावी. श्रींना हा खास आसनपट्टा बांधण्यात कोणताही कमीपणा नाही.

इशाऱ्याचे दिवे

किल्ली फिरविताच डॅशबोर्डवरील दिवे क्षणभर लागतात व इंजिन सुरू झाल्यावर विझतात. ही त्यांची स्वतःची परीक्षा असते. जो दिवा विझत नाही तो काही सांगत असतो. जो मुळी लागतच नाही तोही बिघडलेला असू शकतो. सर्वसाधारण नियम असा, की तांबडा दिवा दिसताच सुरक्षित जागी थांबावे व पिवळा दिवा दिसल्यास वेग कमी करून लवकर तपासणी करावी. हिरवा व निळा केवळ माहितीसाठी असतो.

तेलाच्या झारीची तांबडी खूण लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. काही मिनिटांतच इंजिन जाम होऊ शकते. तापमापकाची तांबडी खूण घाट चढताना विशेषतः दिसते. वातानुकूलन बंद करून कडेला थांबावे, इंजिन थंड होऊ द्यावे व गरम असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. वर्तुळातील उद्गारचिन्ह हातब्रेक ओढलेला असल्याचे किंवा ब्रेकचे तेल कमी असल्याचे दर्शविते. हातब्रेक सोडूनही ते राहिल्यास घाट उतरू नये. बॅटरीची खूण म्हणजे बॅटरी भरली जात नाही. रात्री पावसात दिवे व वायपर चालू असताना ती लवकर संपते. ए.बी.एस.चा पिवळा दिवा लागल्यास नेहमीचा ब्रेक चालतो, पण ओल्या चिखलात चाके जाम होऊन वाहन घसरू शकते. एअरबॅगचा दिवा विझत नसल्यास अपघाताच्या वेळी ती उघडेलच असे नाही. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर असल्यास सावकाश जावे. लुकलुकत असल्यास इंजिनवर जोर देऊ नये.

आंबा घाट उतरण्यापूर्वी वर आंबा गावात, व चढण्यापूर्वी खाली साखरपा येथे, दहा मिनिटे थांबून हे दिवे पाहून घ्यावेत. घाटाच्या मध्यावर सुरक्षित थांबण्याची जागा मिळेलच असे नाही. उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापून निकामी होतो, आणि याचा इशारा देणारा दिवा बहुतेक वाहनांत नसतो. जळका वास हाच तेथे इशारा समजावा.

धोक्याचे चारही दिवे

तांबड्या त्रिकोणाची कळ दाबली की चारही कोपऱ्यांचे दिवे लुकलुकतात. ते थांबलेल्या वाहनासाठी आहेत. धुक्यात, पावसात किंवा बोगद्यात चालू वाहनाने ते लावून ठेवल्यास मागच्यास वाहन थांबले आहे की चालले आहे हे कळत नाही, व वळण्याची खूणही देता येत नाही. चौकात सरळ जाण्यासाठीही ते लावू नयेत. धुक्यात पुढील दिवे खालच्या झोतावर ठेवावेत.

वाहन बंद पडल्यास ते डावीकडे घ्यावे, चारही दिवे लावावेत आणि परावर्तक त्रिकोण मागे पुरेशा अंतरावर, वळण असल्यास वळणाच्या अलीकडे, ठेवावा. मंडळींनी वाहनात बसून न राहता रस्त्याबाहेर सुरक्षित जागी उभे राहावे. त्रिकोणाऐवजी दगड व फांद्या ठेवल्या असतील तर निघताना त्या आठवणीने उचलाव्यात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव त्यावर अवलंबून असतो. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत.

प्रस्थानापूर्वी

१. सर्व दिवे लागून विझले याची खात्री करावी.
२. मागील आसनासह सर्वांचे पट्टे लागले आहेत हे चालकाने विचारून घ्यावे.
३. मुले मागे व योग्य आसनावर असावीत.
४. जड सामान तळाशी व बांधलेले असावे; मागील फळी व चालकाचे पाय मोकळे असावेत.
५. टायरमधील हवा, स्टेपनी व परावर्तक त्रिकोण तपासावा.

या पाच गोष्टींना दहा मिनिटे पुरतात. परतीच्या प्रवासास निघताना नारळ, आंबे व प्रसाद यांची भर पडलेली असते, अंगात थकवा असतो व घरची ओढ असते. म्हणून तेव्हा ही दहा मिनिटे अधिक आवश्यक असतात. आलेले प्रत्येक कुटुंब दर्शन घेऊन सुखरूप आपल्या घरी पोहोचावे, तेव्हाच यात्रा पूर्ण झाली असे म्हणता येईल.