घरातील खुर्ची : निवड, दुरुस्ती आणि निगा

(द्वितीय वर्ष, कला)

'खुर्ची' हा शब्द कानी पडला की आपल्याकडे सर्वांना प्रथम राजकारण आठवते. खुर्ची मिळाली, खुर्ची गेली, खुर्चीला चिकटून बसले, हे वाक्प्रयोग आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती खुर्ची नाही. घराच्या कोपऱ्यात उभी असलेली, एका पायावर डुगडुगणारी, वेत फाटलेली साधी लाकडी खुर्ची हा या लेखाचा विषय आहे. विषय किरकोळ आहे असे काहींना वाटेल. परंतु माणसाच्या दिवसाचे कित्येक तास बसण्यात जातात. बसण्याची वस्तू बेताची असेल तर पाठ, मान आणि गुडघे त्याचा हिशेब ठेवतात. शिवाय मोडले की टाकले आणि नवे आणले, ही चैन आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी परवडणारी नाही. म्हणून या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार करण्याचे योजिले आहे.

खुर्ची आपल्या घरात कशी आली?

'खुर्ची' हा शब्द मुळात अरबी 'कुर्सी' या शब्दावरून फारसीच्या वाटेने मराठीत आला. आपल्या घरांची जुनी बैठक निराळी होती. जेवायला पाट, पूजेला चौरंग, पाहुण्यांना जाजम किंवा घोंगडी, अंगणात बाज आणि सुखवस्तू घरी लोड-तक्क्ये व झोपाळा. सामान्य माणसाला खुर्ची प्रथम दिसली ती इंग्रजी अमदानीत, कचेरीत, शाळेत आणि दवाखान्यात. तेथे साहेब खुर्चीत आणि गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस उभा, अशीच रीत होती. त्यामुळे खुर्चीबरोबर अधिकाराची कल्पनाही घरात आली.

कोणी कोठे बसावे हा प्रश्न आपल्या समाजात साधा कधीच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी शाळेत इतर मुलांपासून दूर, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बसण्याच्या जागेत माणसाचा मान किंवा अपमान किती साठलेला असतो, हे यावरून ध्यानी येते.

माझे वडील भुसार बाजारात हमाली करतात. ज्या पेढीवर त्यांनी आयुष्याची वीस वर्षे पोती वाहिली, तेथे हिशेबाच्या दिवशीही ते पायरीवरच बसतात. आमच्या घरी पहिली खुर्ची आली ती मी सातवीत असताना. एका शाळेने जुने सामान लिलावात काढले होते, त्यातून दादांनी ती आणली. सागवानी चौकट, हातांसह, बैठक वेताची. ती भिंतीशी ठेवली गेली आणि 'पाहुण्यांची खुर्ची' ठरली. आई शिवणकाम करते. दिवसातले सहा-सात तास ती पायमशीनवर असते, पण बसायची लाकडी स्टुलावर, पाठीला टेका नसलेल्या. संध्याकाळी उठताना ती मशीनला धरून उठे. खुर्ची मात्र पाहुण्यांची वाट पाहत रिकामी असे. खुर्चीचा विचार मी करू लागलो तो येथून.

निवड : माप कोणाचे घ्यावे?

खुर्ची निवडताना आपण रंग, नक्षी आणि किंमत पाहतो. माप पाहत नाही. कपडा घेताना अंगाचे माप देणारे आपण खुर्ची मात्र डोळे मिटून घेतो. खरे तर माप घेणे फार सोपे आहे.

पहिले माप उंचीचे. अनवाणी बसून जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे अंतर मोजावे. बैठकीची उंची तेवढी किंवा किंचित कमी असावी. बाजारातील बहुतेक खुर्च्यांची बैठक ४३ ते ४६ सेंटीमीटर उंच असते. उंची जास्त झाली तर पाय लोंबकळतात आणि मांडीच्या मागच्या बाजूवर दाब येतो. फार कमी झाली तर उठताना गुडघ्यांवर जोर पडतो. म्हणून वृद्धांसाठी बैठक थोडी उंच आणि खुर्चीला भक्कम हात असणे आवश्यक आहे. हातांवर भार देऊन उठता येते.

दुसरे माप खोलीचे. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि लवण यांच्यामध्ये दोन-तीन बोटे बसली पाहिजेत. बैठक याहून खोल असेल तर माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठीचा टेका असून नसल्यासारखा होतो. अशा वेळी पाठीमागे उशी द्यावी.

तिसरे माप कामाचे. लिहिण्याचे टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असते. बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत २७ ते ३० सेंटीमीटर अंतर असले म्हणजे खांदे न उचलता लिहिता येते. अभ्यास करताना मान आखडण्याची तक्रार करणाऱ्या मित्रांनी हे अंतर एकदा पट्टीने मोजून पाहावे.

आईच्या बाबतीत मी हीच मापे घेतली. लवणीपर्यंत तिची उंची ४० सेंटीमीटर आणि खुर्चीची बैठक ४६. प्रथमदर्शनी खुर्ची तिला उंच होती. परंतु मशीनवर पाय जमिनीवर नसतात, पायडलवर असतात, आणि आमच्या मशीनचे पायडल जमिनीपासून सहा सेंटीमीटर वर आहे. तेव्हा माप पायडलपासून घ्यायचे. ४० आणि ६ मिळून ४६! पाहुण्यांची म्हणून सात वर्षे बाजूला ठेवलेली खुर्ची आईच्या कामाला तंतोतंत बसणारी निघाली.

यावरून मला असे वाटते की, खुर्ची घरातील जो माणूस तीवर सर्वांत जास्त वेळ बसणार त्याच्या मापाची घ्यावी. पाहुणा घटकाभर बसतो. त्याला जाजमही चालते.

उघडते ती दुरुस्त होते

खुर्ची घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. ती सुटी करता येते का? १८५९ साली व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने '१४ क्रमांकाची' म्हणून प्रसिद्ध झालेली खुर्ची काढली. वाफेने मऊ करून वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढेच तिचे सामान. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांत जी वाकवलेल्या लाकडाची काळी-तपकिरी खुर्ची दिसते, ती याच घराण्यातली. तिचा एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलता येतो.

आज सर्वत्र दिसणारी प्लॅस्टिकची खुर्ची याच्या उलट आहे. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबून ती एकसंध तयार होते. ती स्वस्त आहे, हलकी आहे, धुता येते, एकावर एक रचता येते. लग्नकार्यात तिच्यासारखी सोय नाही. गरिबाघरी चार माणसांना टेकून बसायला मिळाले ते तिच्यामुळेच, हेही मान्य केले पाहिजे. पण उन्हात ती कालांतराने ठिसूळ होते, आणि तडकली की तिला सांधा नसल्यामुळे सुताराचा उपाय चालत नाही.

लाकडात सागवान उत्तम. त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. शिसव जड आणि टणक. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते. जुनी सागवानी खुर्ची मोडकी मिळाली तरी नव्या कच्च्या लाकडाच्या खुर्चीपेक्षा ती पुष्कळदा फायद्याची पडते.

डुगडुगणाऱ्या खुर्चीची दुरुस्ती

पुढील माहिती आमच्या आळीतील सुतारकाकांकडून मिळाली आणि त्यांच्या हाताखाली मी ती स्वतः करून पाहिली.

खुर्ची डुगडुगते तेव्हा दोष खुर्चीचा की जमिनीचा, हे आधी ठरवावे. खुर्ची त्याच जागी फिरवून ठेवावी किंवा सपाट फरशीवर न्यावी. डुगडुग थांबली तर दोष जमिनीचा. ती सर्वत्र राहिली तर सांधे तपासावेत. पाय कापण्याची घाई मुळीच करू नये. पुष्कळदा पाय लांब-आखूड नसतात, सांधा सैल झाल्यामुळे ते तसे भासतात.

सांधा सैल का होतो? लाकूड पावसाळ्यात हवेतील ओलावा घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आडव्या पट्टीचे टोक पायातील भोकात घट्ट बसवलेले असते. वर्षानुवर्षे फुगून-आकसून तेथील सरस सुटतो. त्यात आपण मागे रेलून खुर्ची दोन पायांवर झुलवतो. तो सारा भार मागच्या पायांच्या सांध्यांवर येतो.

आपल्याकडे यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे खिळा ठोकणे. सुतारकाका याला फार रागावतात. खिळ्याने सांधा जुळत नाही, उलट लाकूड चिरते आणि पुढची दुरुस्ती अवघड होते. योग्य रीत अशी :

१) प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करून सैल सांधे उघडावेत. जुना सरस गरम पाण्याने सुटतो.

२) टोकावरील आणि भोकातील जुना सरस खरवडून काढावा. त्यावर नवा गोंद नीट धरत नाही. मग लाकूड पूर्ण वाळू द्यावे.

३) टोक भोकात सैल होत असेल तर त्यावर लाकडाची पातळ ढलपी चिकटवून ते जाड करावे.

४) सुताराचा पांढरा गोंद लावून सांधे बसवावेत. शिकंजा नसेल तर चारी पायांभोवती सुती दोरी दुहेरी बांधून तीत काठी घालावी आणि पीळ देत जावे. पिळाने सांधे आवळले जातात.

५) खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारी पाय टेकतात हे पाहावे आणि २४ तास तिला हात लावू नये.

वेताची बैठक

वेत हा बांबूचा भाऊ नव्हे. तो ताडाच्या कुळातील वेल आहे. त्याच्या वरच्या सालीच्या पट्ट्यांनी खुर्ची विणतात. बैठक नुसती सैल पडली असेल तर खुर्ची उलटी करून वेत खालच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने चांगला भिजवावा आणि रात्रभर सुकू द्यावा. वाळताना वेत आकसतो आणि बैठक ताणली जाते. ओली असताना तीवर बसू नये.

वेत तुटला असेल तर नवी वीण घालावी लागते. पट्ट्या अर्धा तास पाण्यात भिजवून मऊ करतात. चौकटीच्या भोकांतून प्रथम उभे, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे आणि शेवटी दोन्ही दिशांनी तिरपे धागे घालतात. त्यातून ती परिचित अष्टकोनी जाळी उमटते. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचे आहे. म्हणूनच आपल्या देशात अंध बांधवांना ही विद्या शिकवली जाई आणि कचेऱ्यांतील वेताच्या खुर्च्या विणून त्यांतील कित्येकांनी स्वाभिमानाने पोट भरले. फोम आणि प्लॅस्टिक आल्यावर हे काम आटत गेले. जेथे असा कारागीर असेल तेथे बैठक त्याच्याकडूनच विणून घ्यावी.

जुन्या वेताच्या खुर्चीत ढेकूण होतात. वेताच्या भोकांत उकळते पाणी ओतल्यास ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. मात्र ते सरसाच्या सांध्यांवर पडू देऊ नये, नाहीतर ढेकणांबरोबर सांधेही जातील!

रूप पालटणे

लाकूड सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून वाळवावे. मग पॉलिश-कागद आधी जाडा, नंतर बारीक, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. आडवा फिरवल्यास पडलेले ओरखडे पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळू द्यावा. हे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते. पॉलिश केलेल्या हातावर गरम चहाचा कपही ठेवू नये.

गादीसाठी बाजारात जाण्याचे कारण नाही. जुन्या लुगड्यांची चौघडी, आत कापूस, चार कोपऱ्यांना नाड्या. आईने आपल्या खुर्चीची गादी अशीच शिवली. पाठीची उशीही त्याच लुगड्याची आहे. "पाहुणे आले तर कुठे बसतील?" असे तिने दोनदा विचारले. दादा म्हणाले, "माझ्याशेजारी."

समारोप

चंदीगड शहर उभारताना तेथील कचेऱ्यांसाठी पिअर जानरे यांच्या देखरेखीखाली सागवान व वेताच्या साध्या खुर्च्या करविल्या गेल्या. पुढे त्यांतील कित्येक मोडक्या समजून भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या, आणि दुरुस्त होऊन परदेशात लाखो रुपयांना विकल्या गेल्या. २०११ साली केंद्र सरकारला त्या जपण्यासाठी आदेश काढावे लागले. लाकूड तेच होते. फरक एवढाच की आपण त्यांना टाकाऊ ठरविले आणि दुसऱ्या कोणी सांधे आवळून, वेत विणून त्या उभ्या केल्या.

आपल्या घरच्या खुर्चीला लाखाचे मोल येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. माझी सूचना छोटीशी आहे. प्रत्येक महाविद्यालयात अडगळीच्या खोलीत काही मोडक्या खुर्च्या असतातच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी एखाद्या अनुभवी सुताराला मानधन देऊन बोलवावे, दोन दिवस त्याच्या हाताखाली काम करावे आणि त्या खुर्च्या वाचनालयात आणाव्यात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे काम हाताने करणारी माणसे आहेत. त्या दोन दिवसांत त्यांना गुरू म्हणून बोलवावे आणि आल्यावर प्रथम बसायला खुर्ची द्यावी, एवढेच सुचवून हा लेख संपवतो.