बातमी, साक्ष आणि आठवी आज्ञा



काही महिन्यांपूर्वी मी एका जळालेल्या चर्चचा फोटो आपल्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला आणि खाली ‘प्रार्थना करा’ असे लिहिले. संध्याकाळी एका तरुणाचा फोन आला. ‘‘फादर, तो फोटो जुना आहे, आणि परदेशातला आहे.’’ मी फोटो पुसून टाकला, पण ग्रुपवर एक शब्दही बोललो नाही. ती रुखरुख मनात राहिली. मोबाईल हाती आल्यापासून आपण सारेच थोडेफार बातमीदार झालो आहोत. म्हणून पत्रकारांचा धर्म काय, हे आपणही शिकायला हवे.

मराठी पत्रकारितेचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने झाला. त्याचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला. दर्पण म्हणजे आरसा. जे आहे ते दाखवावे, हा अर्थ त्या नावातच आहे. पुढे ज्यांना वाचा नव्हती त्यांच्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला. आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. सत्य दाखवणे आणि दुबळ्यांचा आवाज होणे, ही पत्रकारितेची दोन मोठी कामे आहेत.

पण या दोन कामांची कधी ओढाताण होते का? कोल्हापूरच्याच इतिहासात याचे उदाहरण आहे. छत्रपती चौथे शिवाजी महाराज तरुण होते आणि कारभार रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होत आहे, अशी सर्वत्र चर्चा होती. बर्वे यांच्याविरुद्ध काही पत्रे हाती आली आणि त्यांच्या आधारे ‘केसरी’चे आगरकर व ‘मराठा’चे टिळक यांनी कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते.

पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. महाराजांविषयीची काळजी निराधार नव्हती. पण काळजी खरी म्हणून कागद खरे ठरत नाहीत.

संत अगस्तीन सांगतात की, जो चुकीची गोष्ट खरी समजून बोलतो तो लबाड नव्हे. लबाडीत फसवण्याचा हेतू असतो. या अर्थाने टिळक-आगरकर खोटे बोलले नाहीत. तरीही एका माणसाच्या नावाला बट्टा लागला. म्हणून ‘माझा हेतू चांगला होता’ एवढ्याने आठवी आज्ञा पाळली जात नाही. पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हेदेखील पाप आहे, आणि कोणाची अब्रू गेली असेल तर ती भरून देणे हे कर्तव्य आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. टिळक-आगरकरांनी चूक कळल्यावर माफी मागितली. मी मात्र गुपचूप फोटो पुसला. पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात परूशी येशूला न ऐकताच दोषी ठरवू पाहतात. तेव्हा निकदेम उभा राहून विचारतो की, माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते का? दुसरी बाजू विचारणे हा पत्रकारितेचा मूळ नियम निकदेमाच्या या प्रश्नात आहे.

वर्तमानपत्रात बातमी, अग्रलेख, वाचकांची पत्रे आणि जाहिरात यांच्या जागा वेगळ्या असतात. बातमी घडलेले सांगते, अग्रलेख मत मांडतो, जाहिरातीमागे पैसा असतो. मोबाईलवर या सर्वांची सरमिसळ होते, आणि खाली नाव-गाव-तारीख नसते. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून आपल्या शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या समाजसंपर्क दिनाच्या संदेशात खोट्या बातमीची तुलना एदेन बागेतील सर्पाशी केली. सर्पाचे बोलणे थोडे खरे होते. म्हणूनच ते पटले.

म्हणून पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारू या. हे कोणी, कुठे आणि केव्हा पाहिले? ज्याच्याविषयी आहे त्याचे म्हणणे काय? हे मी त्याच्या तोंडावर सांगू शकेन का? संदेश आपल्या बाजूचा, आपल्या दुःखाचा असेल, तर दुप्पट जपावे. तेथेच आपण सहज फसतो. आणि एक खोटा फोटो पकडला गेला की उद्या आपले खरे दुःखही कोणी मानणार नाही.

मी पाठवलेला तो फोटो चुकीचा होता, हे आज येथे जाहीरपणे सांगतो. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल, त्यांनी कृपया हेही पुढे पाठवावे.

कुटुंबात चर्चेसाठी:
१. न तपासता आपण कोणाविषयी काय पुढे पाठवले?
२. त्याची दुरुस्ती आता कोणाजवळ करायची आहे?

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू