वारसांच्या रकान्यात आजीचं नाव

चि. सुमेध यास,


तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला वारस नोंदीचा अर्ज मी नीट वाचला. तुझे बाबा, माझा दादा, जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत, तरी मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा तू एका जागी लावून ठेवलास याचं मला समाधान वाटलं. वाईच्या कोर्टात वकिली करताना मी अशी कितीतरी घरं पाहिली, जिथे माणूस गेल्यावर वर्षानुवर्षं उताऱ्यावर त्याचंच नाव राहतं आणि मग दोन पिढ्यांचे वारस गोळा करत फिरावं लागतं. असे उतारे इतके साठले होते की शासनाला 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. तू वेळेवर हललास, हे फार चांगलं झालं.

पण वारसांच्या रकान्यात तीनच नावं आहेत. तुझी आई म्हणजे वहिनी, तू आणि तुझी बहीण मीरा. तुझ्या शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या आजीचं नाव कुठे आहे?

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 मध्ये मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी यांच्या बरोबरीनं आई येते. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. पुण्याचा फ्लॅट दादानं स्वतःच्या कमाईतून घेतला, म्हणून त्यात चौघांचे चार सारखे हिस्से. गावची जमीन वडिलोपार्जित. तिथे तुझा आणि मीराचा जन्मानं आलेला हक्क आधीच आहे, आणि दादाच्या वाट्याला आलेल्या भागात पुन्हा आजी येते. संगणकावरचा फॉर्म मृताची आई हयात आहे का, हे खोदून विचारत नाही. तू तीन नावं भरलीस तर तो तीन नावं घेतो आणि पुढच्या पानावर जातो. पण खाली प्रतिज्ञापत्रात ‘याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत’ असं वाक्य आहे, आणि त्याखाली सही तुझी असणार आहे.

यात एक गोष्ट मी आपणहून सांगते. आजीनं मृत्युपत्र केलं नाही, तर तिच्या माघारी तिचा हिस्सा दादाच्या वतीनं तुम्हा दोघांकडे आणि तिची मुलगी म्हणून माझ्याकडेही येईल. म्हणजे या नावात माझाही संबंध आहे. तेव्हा केवळ माझ्या शब्दावर विसंबू नकोस. पुण्यातल्या एखाद्या दिवाणी वकिलाला कागद दाखव. तो हेच सांगेल याची मला खात्री आहे, पण तू ते परक्या माणसाकडून ऐकावंस.

अर्ज अजून पाठवला नसशील तर थांब. ई-हक्क पोर्टलवरून गेला असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तलाठ्याला, स्वतः जाऊन भेट आणि आजीचं नाव राहिल्याचं लेखी दे. नोटिशीची मुदत संपून मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करण्याआधी हे होऊन जाऊ दे. नंतर अपिलात जावं लागतं. एवढंही ध्यानात ठेव की फेरफारानं मालकी ठरत नाही, ती नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. सोसायटीत दादानं तुला नॉमिनी केलंय, म्हणून फ्लॅट तुझा झाला असंही नाही. नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं, मालकी वारसांची राहते. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात शेअर्सच्या बाबतीतही हेच म्हटलं.

ऑनलाइन साधनं वापरू नकोस असं मी म्हणणार नाही. कागद मिळवायला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरी निघतो. एके काळी त्यासाठी पक्षकारांचा अख्खा दिवस तलाठ्याच्या दारात जायचा. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर दादाचं नाव घालून बघ. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवींचा तिथे शोध लागतो, आणि दादाची बदली जिथे जिथे झाली तिथे त्यानं एकेक खातं उघडलं होतं.

पण साधनांवरचा मजकूर किती जुना आहे ते आधी बघत जा. वहिनीच्या वडिलांच्या दादरच्या जागेबद्दल तू विचारलंस आणि ‘मुंबईत प्रोबेट सक्तीचं’ म्हणून एक लेख पाठवलास. ती सक्ती, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून प्रमाणित करून घेण्याची, भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 213 मुळे होती आणि संसदेनं ते कलम डिसेंबर 2025 मध्ये वगळलं. लेख त्याआधीचा आहे. म्हणून प्रोबेटची गरजच कधी पडणार नाही असं समजू नकोस. मृत्युपत्रावर घरातल्याच कुणी हरकत घेतली तर कोर्टाची पायरी चढावीच लागते. त्या जागेचं मुंबईतल्या वकिलाला विचारून कर.

आता वहिनीचं मृत्युपत्र. तू उतरवून घेतलेला नमुना परदेशी आहे. त्यातली ट्रस्टची कलमं आपल्या घराला लागू नाहीत, आणि शेवटी फक्त नोटरीची जागा आहे. आपल्याकडे नोटरीनं मृत्युपत्र वैध होत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण मी करायला सांगेन. साक्षीदार वहिनीपेक्षा वयानं लहान, ठणठणीत आणि ज्यांना त्यात काही मिळत नाही असे निवड, कारण उद्या कोर्टात त्यांच्यापैकी एकाला तरी सांगावं लागेल की सही आमच्यासमोर झाली.

आणि सुमेध, तो नमुना तू भरू नकोस. ज्याला लाभ मिळायचा आहे त्यानंच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला, तर कोर्ट त्याकडे संशयानं बघतं. सर्वोच्च न्यायालयानं 1958 मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आजही तोच दाखला दिला जातो. तुझा हेतू मला माहीत आहे. पण तुझ्या लॅपटॉपवर, तुझ्या शब्दांत, तू बाजूला बसून झालेलं मृत्युपत्र म्हणजे मीराच्या मनात पडलेली शंका, आणि ती शंका तुम्हा दोघांना आयुष्यभर पुरेल. वहिनीला वकिलाकडे एकटीला बसू दे. तिला काय करायचं ते तिनं ठरवावं, आणि काहीच करायचं नसेल तर तेही.

आजीला हिस्सा नको असेल, तर ती नोंदणीकृत हक्कसोडपत्र करू शकते. तो तिचा निर्णय. तिनं तुझ्या नावानं बक्षीसपत्र करायचं ठरवलंच, तर तिचा सांभाळ आणि औषधपाणी तू करशील ही अट त्या दस्तातच लिहून घे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 खाली अशा अटीच्या आधारानंच दस्त रद्द होऊ शकतो. बोलण्यातलं वचन तिथे अपुरं पडू शकतं. त्याच कायद्यानं सज्ञान नातवंडंही निर्वाहाला जबाबदार धरली जातात. तू आजीला अंतर देणार नाहीस, हे मी जाणते. तरीही अट लिहून घे. ती तिच्या हातातला आधार आहे आणि तिला तो मागावा लागू नये.

मीराला आज फोन कर. हक्कसोडपत्राचा विषय काढायला नव्हे; अर्जात कुणाकुणाची नावं जाताहेत ते सांगायला. तिला मसुदा पाठव, वाचायला चार दिवस दे. मुलींना तेराव्याच्या गर्दीत ‘इथे सही कर’ म्हणून सांगितलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आपल्या घरात ते होऊ नये एवढीच माझी मागणी आहे.

तलाठी कार्यालयात जाण्याआधी मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा मूळ प्रती काढून ठेव. बँक, विमा, सोसायटी, प्रत्येकजण एक मागतो.

तुझी,
आत्या