मारामारी संपल्यानंतरचा पिक्चर

नांदेड

चि. भाच्यास,

तुझी पोलीस भरतीची तयारी जोरात चालली आहे हे अक्काकडून कळलं. १६०० मीटरची वेळ कमी होतेय, गोळाही पुढं पडतोय आणि कराटेचा क्लासही तू सोडलेला नाहीस. ऐकून समाधान वाटलं. तू पाठवलेल्या फायटिंगच्या क्लिपा मी सगळ्या बघितल्या. त्याखाली तू लिहिलं होतंस, ‘मामा, पोलीस असावा तर असा.’ त्यावर फोनवर दोन शब्द बोलून भागणार नाही, म्हणून हे पत्र. उद्या तू वर्दी घालशील, तेव्हा तुझ्या मनातला हा पोलीसच तुझ्या हातून काम करणार आहे.

मारामारीचे पिक्चर बघू नकोस असं मी मुळीच म्हणणार नाही. मला स्वतःला ते आवडतात. जॅकी चॅनचा १९८५ चा ‘पोलीस स्टोरी’ मिळाला तर जरूर बघ. मॉलमधल्या शेवटच्या फायटीत काचांचा चुरा होतो आणि तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून खाली घसरतो. त्यात त्याचे हात खरोखर भाजले होते. त्या पिक्चरात लागलेला मार दुखतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्याहून मोलाची गोष्ट कथेत आहे. त्यातला पोलीस प्रामाणिक आहे, त्याच्यावरच खुनाचा खोटा आळ येतो, आणि शेवटी गुन्हेगार हाती लागल्यावर तो त्याला, वर त्याच्या वकिलालाही, बडवून काढतो. आपण टाळ्या पिटतो. पुढच्या वेळी तिथं टाळी वाजवायच्या आधी बघ, समोरचा माणूस त्या घडीला लढत होता का? की लढाई आधीच संपली होती?

आता आपल्याकडचे दोन पिक्चर शेजारी ठेव.

२०११ चा ‘सिंघम’ तुला तोंडपाठ आहे. बाजीराव सिंघम आपल्या मराठी मातीतला, सरळ, आईबापाला मानणारा. शेवटी सगळं पोलीस दल मिळून जयकांत शिक्रेला कोर्टाची पायरी न दाखवताच संपवतं आणि त्याचा हिशेब कुणालाही द्यावा लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल २०२३ मध्ये एका भाषणात नेमकं या शेवटाबद्दल बोलले होते. न्याय झाला असं पिक्चर सांगतो, पण तो खरंच झाला का, असा त्यांचा सवाल होता आणि असा संदेश घातक आहे असं त्यांचं म्हणणं होतं. तुला राग येईल, पण मला ते पटतं.

दुसरा पिक्चर १९८३ चा, ‘अर्धसत्य’. गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, आपल्या विजय तेंडुलकरांची पटकथा, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. ओम पुरींनी केलेला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर तुझ्यासारखाच ताकदीचा आणि तुझ्यासारखाच चिडका आहे. त्याचा बापही पोलीस, घरात बायकोला मारणारा, आणि लहानपणी ते बघताना काही करता आलं नाही ही ठसठस वेलणकरच्या मनात कायमची राहिलेली. गुंड रामा शेट्टी झालेत सदाशिव अमरापूरकर. ते आवाजही चढवत नाहीत, तरी बघताना अंगावर काटा येतो. वेलणकर मोठ्यांपुढं हरत जातो. त्याच्या कामाचं श्रेय दुसऱ्याला मिळतं. आणि तो सगळा संताप एका रात्री निघतो तो ठाण्यातल्या एका भुरट्या चोरावर. चोर मरतो. रामा शेट्टीच्या वाट्याचा मार त्या चोरानं खाल्ला, हे ध्यानात घे. नोकरी वाचवायला वेलणकर त्याच रामा शेट्टीच्या दारात जातो, तिथं त्याचा गळा दाबतो, आणि मग स्वतःच्या पायानं पोलीस ठाण्यात येऊन केलं ते सांगतो.

खलनायक दोन्हीकडं पोलिसाच्या हातूनच मरतो. एकीकडं आपण शिट्ट्या मारतो, दुसरीकडं घशाला कोरड पडते. फरक एवढाच की ‘अर्धसत्य’ त्या हातांचं पुढं काय झालं ते दाखवतो. मला विचारशील तर पोलिसाच्या पिक्चरची खरी खोली तिथं मोजावी. फाईट कितीही झकास असू दे, ती थांबल्यावर दिग्दर्शक कॅमेरा कुठं नेतो ते बघ.

माझ्या नोकरीतली एक रात्र सांगतो. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून गावकऱ्यांनी एका पोराला धरून ठाण्यात आणलं होतं. शेतकरी बाहेर चिडलेले, आमचे दोन जवान हात शिवशिवत उभे. ड्यूटीवरच्या जुन्या हवालदारांनी त्याला आधी तांब्याभर पाणी दिलं आणि स्टेशन डायरी पुढं ओढली. पोराला किती वाजता आणलं, कुणी आणलं, अंगावर आधीच्या खुणा कुठं आहेत, सगळं मोठ्यानं विचारत लिहायला लागले. डाव्या कोपराला खरचटलेलं होतं, तेही लिहिलं. लिहून होईस्तोवर त्या जवानांचे हात खाली आले होते. एकदा कागदावर वेळ आणि जखम चढली की पुढच्या प्रत्येक जखमेला धनी लागतो.

हेच सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सगळ्या देशाला घालून दिलं. अटकेचा पंचनामा, त्यावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. राज्यघटना सांगते की २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. तू हे मार्कांसाठी पाठ करतोस. त्या वेलणकरच्या लॉकअपमध्ये यातली एक जरी गोष्ट झाली असती तर काय झालं असतं, हे मनात धरून पाठ कर.

आणि हातातल्या ताकदीबद्दल सांगायचं तर आपलं नांदेड त्या बाबतीत फार जुनं आहे. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथंच ज्योतिज्योत समावले. त्यांनी औरंगजेबाला लिहिलेल्या जफरनाम्यात तलवारीला हात घालायची अट घातलेली आहे, ती अशी की बाकीचे सगळे उपाय खुंटलेले असले पाहिजेत. होला महल्ल्याला तू इथं असलास की गतका खेळणाऱ्या पोरांकडं नीट बघ. काठी जोरात फिरवतात, पण ती समोरच्याच्या कानाजवळ येऊन थांबते तिथं त्यांच्या मनगटाकडं लक्ष दे. तुझे कराटेचे सरही हेच शिकवत असतील.

लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तेच गाव रितेश देशमुखचं, ज्यानं २०१८ च्या ‘माऊली’त इन्स्पेक्टर केला. पडद्यावरचा पोलीस आणि खरा पोलीस एकाच शिवारात, असं तुला तिथं वाटेल. निवड झाली आणि तिथंच तुझं ट्रेनिंग लागलं तर मी येईन भेटायला.

तोवर ‘अर्धसत्य’ एकट्यानं बघ, मध्ये मोबाईल चाळू नकोस. वेलणकरनं त्या चोरावर पहिला हात टाकायच्या आधी त्याला कुठं थांबता आलं असतं, ते मला लिहून कळव. माझं एक उत्तर आहे, पण तुझं आल्याशिवाय मी ते सांगणार नाही.

पुस्तक नव्या फौजदारी कायद्यांचं, म्हणजे १ जुलै २०२४ नंतरचंच घे, जुन्या संहितेवर वेळ घालवू नकोस. पळून आल्यावर लगेच गार पाणी पिऊ नकोस. अक्काला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा मामा