आधी हात बसू द्या

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशाच्या प्रश्नांबरोबर आता आणखी एक प्रश्न हमखास येतो : "याला ड्रोनचा कोर्स करायचाय, कुठे घालू?" मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात रोज ड्रोनच्या बातम्या आल्या, तेव्हापासून या प्रश्नाची घाई वाढली आहे. पालकांच्या हातात कुठल्यातरी संस्थेचं माहितीपत्रक असतं, फी भरायची मुदत तोंडावर आलेली असते, आणि मुलाला ड्रोनमधलं नेमकं काय आवडलंय हे घरात कुणी विचारलेलं नसतं. माझं उत्तर एकच असतं. आत्ता फी भरू नका.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी दहावी उत्तीर्ण असावं लागतं आणि वय १८ पूर्ण असावं लागतं. पहिली अट वाचून पालक धावत येतात, दुसरी वाचतच नाहीत. शिवाय ते प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी जेमतेम आठवडाभराचं असतं आणि जीपीएसच्या आधारे हवेत स्वतःच स्थिर राहणाऱ्या ड्रोनवर दिलं जातं. २५० ग्रॅमहून जड ड्रोनवर व्यवसाय करायचा तर ते प्रमाणपत्र घ्यावंच लागेल. पण आठवडाभरात मिळणाऱ्या कागदावर कुणी वर्षानुवर्षं काम देत नाही.

आता मुलाला विचारा, त्याने काय पाहिलंय. बहुतेकदा तो मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतो : ड्रोन दारातून आत शिरतो, माणसांच्या मधून जातो, कड्यावरून खाली झेपावतो. २०२१ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका बोलिंग क्लबात सलग एका दमात घेतलेलं असं चित्रण जगभर पाहिलं गेलं. मायकेल बे यांच्या 'अ‍ॅम्ब्युलन्स' या २०२२ च्या चित्रपटातही अशी दृश्यं आहेत. हे एफपीव्ही (फर्स्ट पर्सन व्ह्यू) उड्डाण. डोळ्यांवर गॉगल, त्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचं थेट दृश्य, आणि ड्रोन मॅन्युअल मोडमध्ये. हा मोड आठवड्याच्या कोर्सात सहसा शिकवत नाहीत.

मॅन्युअल मोड, ज्याला उडवणारे 'अ‍ॅक्रो' म्हणतात, तो पालकांनीही समजून घ्यावा. साध्या ड्रोनच्या रिमोटची कांडी सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो आणि थांबतो. अ‍ॅक्रोमध्ये कांडी किती झुकायचं ते सांगत नाही, किती वेगाने वळायचं ते सांगते. कांडी मध्यावर आणली की वळणं थांबतं, पण ड्रोन जेवढा कलला असेल तेवढाच कललेला राहतो आणि त्या दिशेने घसरत जातो. त्याला सरळ करायला उलटी कांडी तुम्हालाच द्यावी लागते. उंचीही तो स्वतः सांभाळत नाही. कलल्यावर पंख्यांच्या जोरातला काही भाग आडवा खर्च होतो, म्हणून थ्रॉटल, म्हणजे पंख्यांचा जोर, वाढवायचा, सरळ होताना कमी करायचा, हे सतत. भरीला कॅमेरा वीस-तीस अंश वर कललेला असतो. ड्रोन जागेवर स्थिर असेल तर गॉगलमध्ये आभाळच जास्त दिसतं. समोरचं नीट दिसतं ते पुढे झुकून वेगात असताना. म्हणून "आधी एका जागी स्थिर उभा करायला शीक" हा सल्ला इथे कामाचा नाही. हळूहळू पुढे जात मोठे वळसे घ्यायचे, मग इंग्रजी आठचा आकडा. वळताना कलणं, नाक फिरवणं आणि थ्रॉटल या तिन्ही गोष्टी एकदम जमाव्या लागतात. ते समजावून जमत नाही. बोटांना कळेपर्यंत पुन्हा पुन्हा उडवावं लागतं.

सोळा ते अठरा ही दोन वर्षं नेमकी यासाठी आहेत, आणि ती जमिनीवर बसून वापरता येतात. 'लिफ्टऑफ' किंवा 'व्हेलोसीड्रोन'सारखा सिम्युलेटर आणि खराखुरा रेडिओ ट्रान्समीटर यूएसबीने संगणकाला जोडून. कीबोर्डवर नको, त्याने हाताला चुकीचं वळण लागतं. पहिल्या दिवसापासून अ‍ॅक्रोच. आपोआप सपाट होणाऱ्या मोडची सवय लागली की ती मोडायला नव्याने शिकण्याहून जास्त वेळ जातो. सिम्युलेटरमध्ये शंभरदा आपटलं तरी फक्त पुन्हा सुरू करायचं बटण दाबावं लागतं. मैदानात प्रत्येक आपटीला पंखा, मोटर किंवा फ्रेमचा दांडा जातो.

इथे पालकांशी थोडं स्पष्ट बोलतो. मुलगा पडद्यासमोर बसला की काहींना तो गेम खेळतोय असं वाटतं आणि ते रेडिओ कपाटात ठेवतात. दुसरे त्याच्या मागे खुर्ची टाकून बसतात : किती तास झाले, स्पर्धा कधी, पैसे कधी? २०१८ मध्ये चीनमधल्या शेनझेनला ड्रोन रेसिंगचं जागतिक अजिंक्यपद ऑस्ट्रेलियाच्या पंधरा वर्षांच्या रुडी ब्राउनिंगने जिंकलं. हे उदाहरण मुलाला दिवसातून तीनदा ऐकवणारे वडील मी पाहिले आहेत. त्यांना माझं सांगणं : थांबवा हे. आपटायला घाबरणारा मुलगा मॅन्युअल मोड शिकू शकत नाही, आणि घरात प्रत्येक आपटीचा हिशेब मांडला जात असेल तर तो घाबरणारच. दोन महिन्यांनी त्याने रेडिओ बाजूला ठेवला तर ठेवू द्या. कमी खर्चात कळलं, एवढंच. मुलींच्या बाबतीत तर सिम्युलेटरपर्यंतही गोष्ट येत नाही. 'नमो ड्रोन दीदी' ही योजना पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्यासाठी सरकारने २०२३ मध्ये मंजूर केली. गावातल्या बाया शेतावर ड्रोन उडवताहेत आणि शहरातली आई विचारते, मुलीला हे शोभेल का. शोभेल.

दुसरी गोष्ट कुणीच विचारत नाही, ती म्हणजे दुरुस्ती. मला विचाराल तर खरं काम तिथे आहे. एफपीव्ही ड्रोन उडवणारा माणूस बहुतेकदा तो स्वतः जोडतो. फ्लाइट कंट्रोलर, मोटरचा वेग सांभाळणारे ईएससी, रिसीव्हर, व्हिडिओ ट्रान्समीटर, सगळं सोल्डरिंगने. 'बीटाफ्लाइट' ही मुक्त प्रणाली त्यात घालून सेटिंग करायचं. लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास ठेवायची, चार्जिंग चालू असताना खोली सोडायची नाही, टेबलावर तपासताना पंखे काढूनच. ज्या मुलाचा हात यात बसतो त्याला आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका चांगली जुळते, आणि उद्या ड्रोनचा बाजार थंडावला तरी तो हात रिकामा राहत नाही. २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. जोडणारे आणि दुरुस्त करणारे लागणारच आहेत. पालक मात्र आयटीआय म्हटलं की विषय बदलतात.

उडवण्याच्या कामाबद्दल मुलाला भुलवू नका. चित्रपट, जाहिराती, लग्नं यांत मॅन्युअल उडवणाऱ्यांना काम आहे, पण ते थोडं, हंगामी, आणि तुमचं चित्रण बघून मिळणारं. शर्यतीच्या आखलेल्या मार्गावर तर झुरिच विद्यापीठाच्या 'स्विफ्ट' या संगणकीय चालकाने मानवी विजेत्यांना हरवल्याचं २०२३ मध्येच प्रसिद्ध झालं. मोजणी आणि फवारणीतले ड्रोन आखून दिलेल्या मार्गावर स्वतःच उडतात. तिथे नकाशाशास्त्र किंवा शेती कळावी लागते. त्यांची आवड असेल तर सिव्हिल, भूगोल-जीआयएस किंवा कृषी पदविका बघा.

खरा ड्रोन घ्यायचा तर आधी २५० ग्रॅमपर्यंतचा, पंख्यांना कडं असलेला छोटा घ्या. त्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. तरी सरकारच्या 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर जागा परवानगी न लागणाऱ्या हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघा, आणि गॉगल लावणाऱ्याशेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवणारं कुणीतरी उभं असू द्या. ते काम आई-वडिलांनीच करावं.

अठरा पूर्ण झाले आणि आवड टिकली, तर प्रमाणपत्राला जरूर जा. संस्थेला तीन गोष्टी विचारा : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता दाखवा, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात ड्रोन प्रत्यक्ष किती वेळ असतो, आणि आपटलेला ड्रोन इथे कोण दुरुस्त करतं. शेवटच्या प्रश्नाला "कंपनीकडे पाठवतो" असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा.